विश्लेषण : कोळसा हवा? मग अटी मान्य करा! तटस्थ जहाजांना वेसण घालणारे ‘बंकर नियंत्रण’ काय होते?

जुलै २०१९ मध्ये ब्राझीलच्या पारानाग्वा बंदरापाशी ‘बावंद’ आणि ‘तेरमेह’ ही दोन इराणी मालवाहू जहाजे कित्येक आठवडे नांगर टाकून उभी होती. ब्राझीलला युरिया देऊन परतताना ती मका घेऊन जाणार होती. एकात मका भरूनही झाला होता. पण टाकीत इंधन नव्हते आणि ते द्यायला ‘पेट्रोब्रास’ ही ब्राझीलची सरकारी तेल कंपनी तयार नव्हती. अमेरिकी निर्बंधांचा बडगा आपल्यावर येईल, ही तिची भीती. अखेर ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमुखांनी आदेश दिला, तेव्हा कुठे जहाजांना इंधन मिळाले. दोन जहाजे अडकली, पण ना कुणी बंदूक रोखली ना कुणी जहाजावर चढले. इंधन रोखून परक्या जहाजाला हवे तसे वागायला लावण्याची ही युक्ती जुनीच आहे. तिचे शास्त्र झाले ते पहिल्या महायुद्धात, लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांत.

‘बंकर’ म्हणजे सैनिकांचा खंदक नव्हे?

नव्हे. जहाजाच्या पोटातील ज्या कप्प्यात इंजिनासाठीचा कोळसा साठवला जाई, त्याला बंकर म्हणत. पुढे कोळसा गेला, तेल आले, पण शब्द राहिला. आजही जहाजाच्या इंधनाला ‘बंकर’ आणि ते भरण्याला ‘बंकरिंग’ म्हणतात. सिंगापूर हे या धंद्यातले जगातील सर्वात मोठे बंदर. २०२४ मध्ये तिथे सुमारे साडेपाच कोटी टन इंधन जहाजांत भरले गेले.

आगबोटींच्या काळात हे काम अंगमेहनतीचे होते. साधारण मालवाहू आगबोट दिवसाला २०-३० टन कोळसा खाई. भट्टीत तो टाकणाऱ्या हिंदी खलाशांना ‘आगवाला’ आणि कप्प्यातून भट्टीपर्यंत तो ओढून आणणाऱ्यांना ‘कोयलावाला’ म्हणत. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश बोटींवर असे शेकडो आगवाले असत. शिडाच्या गलबताला वारा फुकट मिळे. आगबोटीला मात्र दर काही दिवसांनी कुणाच्या तरी धक्क्याला लागून कोळसा मागावा लागे. तो धक्का कुणाचा, हा प्रश्न त्यामुळे राजकीय झाला.

कोळशाची नाडी ब्रिटनच्याच हाती कशी आली?

याची सुरुवात बऱ्याच अंशी मुंबईतून झाली. मार्च १८३० मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही छोटी आगबोट सुवेझला निघाली. तिच्या बंकरमध्ये जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावे आणि एडन तर ११ दिवसांवर. मग दिवाणखाना, खोल्या, डेक, जागा मिळेल तिथे कोळसा भरला गेला. वाटेत कोळशाचा हक्काचा साठा असल्याशिवाय मुंबई ते सुवेझ ही वाट चालणार नाही, हे त्या एका सफरीने दाखवून दिले. जानेवारी १८३९ मध्ये ब्रिटिशांनी एडन जिंकले. ते पुढे १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते आणि मुंबईच्या कावसजी दिनशॉ या पारशी पेढीने तिथे जहाजांना माल पुरवण्याच्या धंद्यात मोठे नाव कमावले.

जिब्राल्टर, माल्टा, पोर्ट सैद, एडन, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, केप टाउन… एका बोटीच्या टप्प्यात दुसरा ब्रिटिश धक्का, अशी साखळी जगभर उभी राहिली. साखळीत माल होता तोही ब्रिटनचाच. वेल्समधला, धूर कमी आणि उष्णता जास्त देणारा कोळसा सगळ्या आरमारांना हवा असे. १९१३ मध्ये ब्रिटनने २८ कोटी ७० लाख टन कोळसा काढला. त्यातला सुमारे ७ कोटी ३० लाख टन निर्यात झाला आणि आणखी सुमारे २ कोटी १० लाख टन परदेशी वाहतूक करणाऱ्या जहाजांच्या बंकरमध्ये गेला. जर्मनी आणि अमेरिकेकडेही खाणी होत्या. पण लांबच्या सागरी वाटेवर जागोजागी साठा फक्त ब्रिटनचा होता.

त्या वेळी आंतरराष्ट्रीय नियम नव्हते का?

होते, पण ते युद्धनौकांसाठी. अमेरिकी यादवी युद्धात ब्रिटन तटस्थ होता. ३१ जानेवारी १८६२ रोजी त्याने नियम केला, की लढणाऱ्या पक्षाच्या युद्धनौकेने आमच्या बंदरात २४ तासांपेक्षा जास्त थांबू नये, स्वदेशाच्या सर्वात जवळच्या बंदरापर्यंत पोहोचण्यापुरताच कोळसा घ्यावा आणि तीन महिने पुन्हा मागू नये. १९०७ च्या हेग करारात जवळपास हेच सूत्र आले.

याचा चटका रशियाला आधीच बसला होता. ऑक्टोबर १९०४ मध्ये बाल्टिक समुद्रातून निघालेला रशियन ताफा जपानशी लढायला सुमारे १८ हजार सागरी मैलांच्या प्रवासाला निघाला. वाटेवरचे धक्के ब्रिटनचे आणि ब्रिटन जपानचा मित्र. तिथे कोळसा मिळणे शक्य नव्हते. फ्रान्स रशियाचा मित्र असूनही तटस्थतेच्या नियमांमुळे कचरत होता. हँबुर्ग-अमेरिका या जर्मन कंपनीच्या कोळसावाहू बोटींनी हा ताफा कसाबसा जगवला. पुढचा साठा मिळेल की नाही या धास्तीने अ‍ॅडमिरल रोझेस्तवेन्स्की यांनी डेकवरही कोळशाचे ढीग रचून घेतले. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत हा ताफा जवळजवळ नष्ट झाला. पराभवाची कारणे अनेक होती, पण सात महिने कोळसा वाहून थकलेले खलाशी हे त्यातले एक नक्कीच.

व्यापारी जहाजांसाठी मात्र असा नियम नव्हता. नॉर्वेच्या किंवा हॉलंडच्या मालवाहू बोटीला कोळसा विकलाच पाहिजे, असे कोणताही करार सांगत नव्हता. ब्रिटिश नोकरशाहीने नेमकी हीच फट हेरली.

नियंत्रण प्रत्यक्षात चालायचे कसे?

युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीची नाकेबंदी करताना ब्रिटनची अडचण अशी होती, की तटस्थ देशांमार्गे माल जर्मनीत पोहोचत होता. समुद्रात तटस्थ जहाज अडवायचे, तर न्यायालय, निषिद्ध मालाचे नियम, अमेरिकेचा संताप असे सगळे मागे लागे. आपल्याच कोळशाची विक्री नाकारायला मात्र कुणाची परवानगी लागत नव्हती. १९१५ मध्ये कोळशाच्या निर्यातीवर परवाना पद्धत आली. फेब्रुवारी १९१६ मध्ये लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांच्याकडे नाकेबंदीचे स्वतंत्र मंत्रालयच सोपवण्यात आले.

पद्धत साधी होती. जहाजाचा मालक कोळसा मागायला आला, की त्याच्यापुढे अटींचा कागद ठेवला जाई. शत्रूला जहाज भाड्याने द्यायचे नाही, शत्रूच्या बंदरांशी व्यापार करायचा नाही, मालाची यादी आधी दाखवायची, तपासणीसाठी आपण होऊन ब्रिटिश बंदरात यायचे. खरी मेख पुढे होती. हमी एका जहाजापुरती नसे, मालकाच्या सगळ्या ताफ्यासाठी घेतली जाई. एका बोटीने शब्द मोडला तर उरलेल्यांचा कोळसा जगभरच्या धक्क्यांवर बंद. हमी देणाऱ्यांची श्वेत यादी आणि संशयितांची काळी यादी तारेने बंदराबंदरात पोहोचत असे. पोर्ट सैदचा कोळसा व्यापारी यादी पाहूनच मजूर बोलावी.

हत्यार म्हणून हे किती स्वस्त होते! युद्धनौका पाठवायला नको, खटला चालवायला नको. शिवाय जहाजमालक स्वतःच आपल्या कप्तानांवर पहारा ठेवू लागले.

याला उतारा नव्हताच असे नाही. हॉलंड आणि डेन्मार्कला जर्मन कोळसाही मिळे. त्यावर बाल्टिक किंवा उत्तर समुद्रातल्या फेऱ्या भागत. पण ब्यूनोस आयर्स किंवा जावाला जाणाऱ्या बोटीला वाटेत ब्रिटिश धक्का टाळणे अवघड होते. जर्मनीच्या स्वतःच्या युद्धनौकांना तर दुसऱ्याच्या बंकरवर हात मारूनच जगावे लागले. सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासच्या तेलटाक्यांवर तोफा डागणारी ‘एमडेन’ हिंदी महासागरात इतकी फिरू शकली, कारण तिने ‘बुरेस्क’ ही कोळशाने भरलेली ब्रिटिश बोट पकडून सोबत ठेवली होती.

तटस्थ देशांना याची झळ किती बसली?

नॉर्वेचे उदाहरण बोलके आहे. शेती कमी, समुद्र भरपूर आणि लोकसंख्येच्या मानाने प्रचंड व्यापारी ताफा असा हा देश. मासे आणि तांबेयुक्त खनिज जर्मनीला किती जाते यावरून ब्रिटनशी वाद झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये, ऐन हिवाळ्यात, ब्रिटनने नॉर्वेचा कोळसा थांबवला. इथे बोटीच नव्हे, घरांच्या शेकोट्याही विझायची वेळ आली. फेब्रुवारी १९१७ मध्ये बंदी उठली ती नॉर्वे वाकल्यावरच. त्याच वर्षी झालेल्या समझोत्याने नॉर्वेच्या जहाजांचा मोठा हिस्सा ब्रिटनच्या कामाला लागला आणि बदल्यात कोळसा मिळू लागला. नॉर्वेच्या इतिहासकारांनी या काळातल्या आपल्या देशाला ‘तटस्थ दोस्त’ म्हटले आहे. त्यात कौतुक कमी, उपरोध जास्त.

कारण या कोळशाची किंमत पैशात नव्हती. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने ब्रिटनभोवतीच्या समुद्रात दिसेल ते जहाज बुडवण्याचे धोरण स्वीकारले. कोळसा हवा तर ब्रिटिश बंदरात जा, आणि गेलात तर पाणबुडीच्या टप्प्यात या. कप्तानापुढे हे दोनच पर्याय होते आणि खलाशांना तर विचारलेच जात नव्हते. युद्धात न उतरलेल्या नॉर्वेने आपला निम्म्याच्या आसपास व्यापारी ताफा आणि सुमारे दोन हजार खलाशी गमावले. बंकर नियंत्रणाला ‘रक्तहीन’ शस्त्र म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

धोका कमी करण्यासाठी ब्रिटनने १९१७ मध्ये अटलांटिकपलीकडे, कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात तपासणीची सोय केली. यातूनच एक वेगळी शोकांतिका घडली. ‘इमो’ हे नॉर्वेचे रिकामे जहाज बेल्जियमच्या मदतकार्यासाठी धान्य आणायला न्यूयॉर्कला निघाले होते आणि तपासणीसाठी हॅलिफॅक्सला थांबले होते. ५ डिसेंबर १९१७ रोजी त्याला निघायची परवानगी मिळाली. पण कोळसा आला उशिरा, दुपार टळून गेल्यावर. तो भरून होईतो पाणबुड्या अडवणारी जाळी बंदराच्या तोंडाशी लागली होती. मुक्काम एका रात्रीने वाढला. ६ तारखेच्या सकाळी घाईने निघालेले ‘इमो’ अरुंद वाटेत ‘माँ ब्लाँ’ या फ्रेंच जहाजावर आदळले. त्यात जवळपास २,९०० टन स्फोटके होती. नऊ वाजून चार मिनिटांनी झालेल्या स्फोटात शहराचा उत्तर भाग उद्ध्वस्त झाला. सुमारे १,८०० जण ठार आणि ९ हजार जखमी झाले. कोळशाचा तो उशीर कुणाच्या धोरणाचा भाग नव्हता, साधी दिरंगाई होती. पण एक तटस्थ जहाज मुळात तिथे का थांबले होते, याचे उत्तर तपासणीच्या त्या व्यवस्थेतच सापडते.

अमेरिकेची भूमिका काय होती?

ही या गोष्टीतली सर्वात मजेशीर कोलांटउडी. तटस्थ असताना अमेरिका अशा उपायांवर संतापलेली होती. जुलै १९१६ मध्ये ब्रिटनने ८५ अमेरिकी व्यक्ती व कंपन्या काळ्या यादीत टाकल्या, तेव्हा अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा संयम सुटत आला होता. अमेरिकी काँग्रेसने सप्टेंबरमध्ये त्यांना प्रत्युत्तराचे अधिकारही दिले.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि सहा महिन्यांत तिने ब्रिटनचीच वही उघडली. ऑक्टोबरमध्ये स्थापन झालेल्या ‘वॉर ट्रेड बोर्डा’ने अमेरिकी बंदरातून इंधन घेणाऱ्या जहाजांना बंकर परवाना सक्तीचा केला. आता कोळसा नाकारणारे दोन दुकानदार झाले आणि तिसरे दुकान नव्हतेच.

याचा सर्वात मोठा फटका हॉलंडला बसला. परवान्याअभावी डच जहाजे महिनोन्महिने अमेरिकी बंदरांत अडकून पडली. ती दोस्तांच्या कामाला द्यावीत, असा आग्रह होता. जर्मनी शेजारी बसलेला, त्यामुळे डच सरकार होकार देऊ शकत नव्हते आणि नकारही परवडत नव्हता. २० मार्च १९१८ रोजी विल्सन यांनी ‘अँगरी’ या जुन्या हक्काचा आधार घेऊन आपल्या बंदरांतील ८७ डच जहाजे ताब्यात घेण्याची घोषणा केली. युद्धात गरज पडल्यास आपल्या हद्दीतील तटस्थांची मालमत्ता भरपाई देऊन वापरता येते, असा हा हक्क. ब्रिटननेही आपल्या बंदरांत तेच केले. म्हणजे आधी कोळसा न देऊन जहाज थांबवायचे आणि मग ते थांबले आहे म्हणून घ्यायचे. हॉलंडमध्ये याला चोरीच म्हटले गेले असेल, तर त्यात नवल नाही.

मित्रदेशांना तरी कोळसा मोकळा होता का?

तोही नव्हता. फ्रान्सच्या उत्तरेकडील खाणी जर्मनांच्या ताब्यात गेल्या होत्या. इटलीकडे स्वतःचा कोळसा जवळपास नव्हताच. दोघेही ब्रिटनच्या तोंडाकडे पाहत. त्यांना अटींचा कागद दिला जात नसे, पण किती, कधी आणि कोणत्या बोटीने मिळणार हे लंडन ठरवी. १९१७ च्या अखेरीस दोस्तांनी जहाजांचे एकत्र वाटप करण्यासाठी संयुक्त सागरी वाहतूक परिषद नेमली. तिथे फ्रान्सच्या वतीने बसणारा एक तरुण म्हणजे जाँ मोने. कोळसा वाटून घ्यायचा अनुभव त्यांच्या असा कामी आला, की १९५० नंतर युरोपीय कोळसा-पोलाद समुदाय उभारण्यात त्यांचाच पुढाकार होता.

दुसऱ्या महायुद्धात काय बदलले?

कोळशाच्या जागी तेल येत होते आणि तेलावर ब्रिटनची पूर्वीसारखी मक्तेदारी नव्हती. म्हणून मग एकट्या इंधनाऐवजी सगळ्याच सेवा एका कागदाला बांधल्या गेल्या. जुलै-ऑगस्ट १९४० मध्ये ‘शिप वॉरंट’ योजना आली. हमी देणाऱ्या जहाजाला वॉरंट मिळे. ते असेल तर ब्रिटिश बंदरांत इंधन, पाणी, रसद, दुरुस्ती, सुकी गोदी आणि लंडनचा विमा. नसेल तर यातले काहीही नाही. विमा नसलेले जहाज कुणी भाड्याने घेत नाही, हे ह्यू डाल्टन यांच्या आर्थिक युद्ध मंत्रालयाला चांगले ठाऊक होते. मालासाठी ‘नॅव्हिसर्ट’ हे वेगळे प्रमाणपत्र होते. १९१६ मध्ये अमेरिकी निर्यातदारांची खोळंबा होण्याची तक्रार मिटवण्यासाठी सुरू झालेली ही सोय १९४० मध्ये सक्तीची झाली. सोयीचा कागद सक्तीचा व्हायला दोन महायुद्धे लागली.

आज हे हत्यार कुणाच्या हाती आहे?

इंधन आता अनेक बंदरांत मिळते. त्यामुळे निव्वळ बंकर रोखून जगभराची वाट अडवणे कुणालाच शक्य नाही. डॉलर आणि विमा यांची पकड मात्र तशीच आहे. जगातील सुमारे ९० टक्के सागरी टनभाराला ज्या क्लबांच्या गटाकडून विमा मिळतो, त्याचे केंद्र लंडनच आहे. ५ डिसेंबर २०२२ पासून जी-७ देशांनी रशियन कच्च्या तेलावर पिंपाला ६० डॉलरची मर्यादा घातली, ती याच आधारावर. त्याहून महाग तेल वाहणाऱ्या जहाजाला पाश्चात्त्य विमा आणि सेवा मिळणार नव्हत्या. १९४० च्या वॉरंटचीच ही पुढची आवृत्ती. त्यावर उतारा म्हणून जुन्या, मालकी न कळणाऱ्या टँकरांचा ‘छुपा ताफा’ उभा राहिला. तो जितका वाढतो, तितकी ही मर्यादा कागदावर उरते.

भारतासाठी प्रश्न उलट बाजूने येतो, तो म्हणजे आपल्या बंदरात कुणाला इंधन द्यायचे? जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या वेळी चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू दिले. राजीव गांधी यांनी विरोध केला, काँग्रेसच्या पाठिंब्यावर सरकार उभे होते आणि फेब्रुवारीत ही सोय बंद करावी लागली. पंचवीस वर्षांनी, २९ ऑगस्ट २०१६ रोजी, तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रिकर यांनी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेशी ‘लेमोआ’ या रसद-देवाणघेवाण करारावर सही केली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘आयएनएस तलवार’ने अरबी समुद्रात ‘युकॉन’ या अमेरिकी तेलवाहू नौकेकडून इंधन घेतले ते याच कराराखाली. फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, जपान यांच्याशीही तशा व्यवस्था झाल्या. इंधनाचे पैसे चुकते करायचे असतात आणि लष्करी तळ देण्याचे कलम ‘लेमोआ’त नाही. सराव आणि मदतकार्यासारख्या ठरलेल्या कामांपलीकडे काही मागितले, तर द्यायचे की नाही याचा निर्णय दर वेळी वेगळा करण्याची मुभा दिल्लीने आपल्याकडे राखून ठेवली आहे.